फाइलमेकर (डेटाबेस सॉफ्टवेअर): पहिल्या फाइलमधलं $$ व्हेरिएबल दुसऱ्या फाइलमध्ये रिकामं येतं, डेटा कसा पाठवू?

स्क्रिप्ट पॅरामीटरमधून, म्हणजे स्क्रिप्ट चालवताना तिला सोबत दिलेल्या व्हॅल्यूतून पाठवा. $$ व्हेरिएबल कितीही 'ग्लोबल' म्हटलं तरी ते त्याच फाइलपुरतं असतं, त्यामुळे दुसऱ्या फाइलला ते दिसतच नाही. एक $ असलेलं तर चालू स्क्रिप्टपुरतंच. पहिल्या फाइलमध्ये दुसरी फाइल एक्स्टर्नल डेटा सोर्स म्हणून जोडा, 'परफॉर्म स्क्रिप्ट'मध्ये तिथली स्क्रिप्ट निवडा आणि व्हॅल्यू पॅरामीटर म्हणून द्या. तिकडे पहिल्याच ओळीत:

सेट व्हेरिएबल [ $डेटा, गेट ( स्क्रिप्टपॅरामीटर ) ]

मग नवीन रेकॉर्ड, सेट फील्ड, कमिट (म्हणजे रेकॉर्ड सेव्ह).

पॅरामीटर एकच देता येतो, म्हणून नाव, रक्कम, तारीख असं बरंच काही असेल तर जेसनसेटएलिमेंट फंक्शनने जेसनमध्ये (नाव आणि व्हॅल्यूच्या जोड्या लिहिलेला मजकूर) एकत्र बांधा आणि तिकडे जेसनगेटएलिमेंटने सोडवा. ही फंक्शन्स 2017 च्या आवृत्ती 16 पासून आहेत. स्वल्पविराम घालून जोडलेला मजकूर कृपया टाळा, पत्त्यात एखादा स्वल्पविराम आला की सगळे रकाने सरकतात. नव्या रेकॉर्डचा आयडी परत हवा असेल तर तिकडची स्क्रिप्ट 'एक्झिट स्क्रिप्ट'ने संपवा आणि इकडे लगेच पुढच्याच ओळीत गेट ( स्क्रिप्टरिझल्ट ) वाचून ठेवा. मध्ये दुसरी स्क्रिप्ट चालवली तर तिचा निकाल त्या जागी येतो.

हे सगळं एकदोन रेकॉर्डसाठी. हजारो रेकॉर्ड हलवायचे असतील तर लूप फिरवत बसू नका, 'इम्पोर्ट रेकॉर्ड्स' वापरा.