जुन्या प्रीमियर पद्मिनीला पुढे डिस्क ब्रेक आणि नवं सस्पेन्शन बसवावं का?

थोडक्यात तुमचा प्रश्न असा: वडिलांनी घेतलेली १९८४ ची पद्मिनी, राहते पुण्यात, अधूनमधून घाट उतरून कोकणात जाते. ब्रेक मारला की डावीकडे खेचते, खड्ड्यात पुढून खडखडते. गॅरेजवाला म्हणतो, दुसऱ्या गाडीचे डिस्क टाकू, पुढच्या स्प्रिंगा थोड्या कापून गाडी खाली घेऊ, बघा कशी पळते.

स्प्रिंगा कापायला आधी साफ नकार द्या. कापलेली स्प्रिंग कडक होते, विशबोनचा (चाक धरणाऱ्या आडव्या दांड्यांचा) कोन बदलतो, चाक वरखाली होताना टो-इन (चाकं पुढून किंचित आत वळलेली असतात ते माप) हलतं आणि आपल्या रस्त्यांवर बंपस्टॉप, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकणारे रबरी ठोकळे, सारखे आदळत राहतात. गॅसने तापवून स्प्रिंग खाली बसकी करणारेही भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका, तापवल्यावर पोलादाचं पाणीच उतरतं.

आता खडखड. माझ्याकडेही पद्मिनीच आहे, त्यामुळे सांगतो: या गाडीचं पुढचं सस्पेन्शन मुळात वाईट नाही. मागे पाटे असले तरी पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत, विशबोन आणि कॉइल स्प्रिंग. आवाज येतो तो झिजलेल्या भागांचा. चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून आतबाहेर हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या कोणाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाची बेअरिंग सैल आहे. तरीही राहिला तर किंगपिन (ज्या खिळीवर चाक वळतं ती) आणि त्याचे बुश गेलेत. या एका तपासणीने गॅरेजवाल्याचं निम्मं बोलणं पारखता येतं. नंतर तेच चाक डावीउजवीकडे हलवून टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांडीचा चाकाकडचा सांधा) बघा, आणि विशबोनच्या रबर बुशला पहारीने हलका तरफा द्या. नवे किंगपिन बसवले की ग्रीस मारताना चाक उचललेलंच असू द्या, नाहीतर भार असलेल्या बाजूला ग्रीस पोचतच नाही. हे जवळजवळ कोणी करत नाही, आणि मग किंगपिन टिकत नाहीत म्हणून ओरड.

शॉकॲब्सॉर्बर जोडीनेच बदला. इथे थोडे चांगल्या प्रतीचे घ्यायला हरकत नाही, पण फार कडक नकोत. अलाइनमेंट मात्र बुश आणि किंगपिन झाल्यावरच. झिजलेल्या सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात.

ब्रेकचं बघू. गाडी डावीकडे खेचते म्हणजे डावा ब्रेक जास्त चांगला आहे असं समजा, आणि दोष उजव्या चाकात शोधा. उजवा ड्रम (चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं डबडं) काढा, आतल्या व्हील सिलेंडरचं (ऑइलच्या दाबाने ब्रेक ढकलतो तो) रबरी टोपण बोटाने थोडं उचला. आत ओल दिसली तर सिलेंडर गळतोय आणि ब्रेक ऑइल लायनरला, म्हणजे ड्रमवर घासणाऱ्या पट्टीला, लागलंय. लायनर धुऊन परत लावू नका, दोन्ही बाजूंचे एकदम बदला. कोरडं असेल तर रबरी होज (चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणारी नळी) बघा. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून सुजून वाट अडवतो. कधीकधी तर पाय काढल्यावरही ऑइल परत येऊ देत नाही, मग ते चाक धरून राहतं. चाळीस वर्षांच्या गाडीत होज सरसकट बदलावेत असं माझं मत. ड्रमला चरे असतील तर लेथवर घेता येतो, पण ठरलेल्या मापापुढे नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसा.

एवढं झालं की ही गाडी शहरात सरळ थांबते. मग डिस्क कशाला? घाटासाठी कारण आहे, नाही असं नाही. ड्रम तापला की फुगून लायनरपासून लांब जातो, पेडल खाली जातं आणि पकड सुटते. डिस्क उघडी असल्याने लवकर थंड होते. पण ड्रमला फिरण्याच्या ओढीने आपोआप जी मदत मिळते ती डिस्कला नाही, म्हणून पायाला जोर जास्त लागतो आणि बूस्टरची (पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्रणेची) गरज पडते. ड्रमच्या मास्टर सिलेंडरमध्ये (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देतो तो) थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, तो तसाच राहिला तर डिस्क सतत घासून तापते. शिवाय पुढचे-मागचे ब्रेक नव्याने जुळवावे लागतात, कारण मागची चाकं आधी लॉक झाली तर ओल्या रस्त्यावर गाडी गरकन फिरते. आणि कॅलिपरचा (डिस्कला चिमट्यासारखा धरणाऱ्या भागाचा) ब्रॅकेट! ब्रेक मारल्यावर सगळा जोर त्याच पट्टीवर येतो. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून अंदाजपंचे करून घेतलेला ब्रॅकेट मी माझ्या गाडीला लावणार नाही.

माझा पैसा आधी दुसरीकडे जाईल. जुन्या पद्धतीच्या एकाच सर्किटच्या (चारही चाकांना ऑइलची एकच वाट असलेल्या) ब्रेकमध्ये एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. तुमच्या गाडीत तसा मास्टर सिलेंडर असेल तर पुढचं-मागचं वेगळं करणारा टँडम बसवून घ्या, माप जाणकाराकडून जुळवून. घाट उतरणाऱ्या गाडीला डिस्कपेक्षा याची गरज मोठी. ब्रेक ऑइल डॉट ४ चं, दर दोन वर्षांनी बदला. ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो. घाटात ब्रेक अचानक ‘पोकळ’ होण्याचं हे एक मोठं कारण. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये राहा, हे वडिलांनी सांगितलंच असेल.

कागदपत्रांचं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचे तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. डिस्क किंवा बूस्टर घालायचं ठरलंच तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरने नवा कॅलिपर बघून भुवया उंचावण्यापेक्षा ते परवडलं. काढलेले मूळ ड्रम आणि हब भंगारात देऊ नका. २०३४ मध्ये गाडीला पन्नास वर्षं होतील, व्हिंटेज नोंदणी करायची झाली तर मूळ भाग हाताशी असलेले बरे. फक्त त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हे धरून चाला.