प्रश्न वाचकांचे : बाहेरच्या ॲप स्टोअरला फोनमध्ये जागा द्यावी का?

प्रश्न : घाटंजी तालुक्यात (जि. यवतमाळ) मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. पीएम किसानचा हप्ता किंवा गाडीचे चलान अशा नावाने व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडली आणि खात्यातले पैसे गेले, अशी तक्रार घेऊन गावकरी माझ्याकडे येतात. युरोपात मात्र सरकारने फोन कंपन्यांवर बाहेरची ॲप स्टोअर चालू देण्याची सक्ती केली आहे आणि भारतातही तसे व्हावे अशी मागणी आहे, असे वाचले. ज्या दारातून चोर शिरतो तेच दार सरकारने कायद्याने उघडे ठेवायला लावावे, हे मला पटत नाही. आपले मत काय?

उत्तर : सक्ती असावी, असे माझे मत आहे. मात्र आपण सांगितलेली फसवणूक कोणत्या वाटेने होते ते आधी पाहिले पाहिजे, कारण ती वाट आणि बाहेरचे ॲप स्टोअर (म्हणजे गुगल-ॲपलखेरीज दुसऱ्या कोणी चालवलेले ॲपचे दुकान) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गावकऱ्यांकडे येते ती एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी सुटी फाइल. ती कोणत्याही स्टोअरमधून आलेली नसते. पुष्कळदा ओळखीच्याच माणसाच्या, पण भामट्याने आधीच ताब्यात घेतलेल्या व्हॉट्सॲप क्रमांकावरून ती येते. बसवताना फोन विचारत राहतो, माणूस परवानगी देत जातो, आणि एसएमएस वाचण्याची मुभा एकदा मिळाली की बँकेचा ओटीपी परस्पर भामट्याच्या हाती पडतो. अपंग व्यक्तींच्या सोयीसाठी ठेवलेली ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगीही दिली गेली, तर आपल्या पडद्यावरची बटणेसुद्धा तो दुरून दाबू शकतो. अँड्रॉइडमध्ये ही वाट कोणत्याही नव्या कायद्याने उघडलेली नाही, ती पहिल्यापासूनच आहे. पूर्वी एकच खटका चालू केला की बाहेरच्या सगळ्या फाइलींना मोकळीक मिळत असे. २०१७ मधल्या आठव्या आवृत्तीपासून व्हॉट्सॲप, ब्राउझर अशा प्रत्येक ॲपला ती वेगळी द्यावी लागते, एवढाच फरक झाला.

युरोपातील सक्तीचा मोठा परिणाम झाला तो आयफोनवर. २००८ पासून तिथे ॲप मिळण्याचे ठिकाण एकच, ते म्हणजे ॲपलचे स्वतःचे स्टोअर. युरोपीय संघाचा डिजिटल मार्केट्स ॲक्ट ७ मार्च २०२४ पासून बड्या कंपन्यांना पाळावा लागला आणि संघातल्या देशांपुरती ॲपलने बाहेरच्या स्टोअरना वाट दिली. परंतु त्या स्टोअरवरचे ॲपही आधी ॲपलच्या प्राथमिक तपासणीतून जाते, आणि फोनच्या सुरक्षेसाठी आवश्यक व प्रमाणशीर असेल तेवढा बंदोबस्त कंपनीने करावा, अशी मुभा खुद्द त्या कायद्यातच आहे. म्हणजे दार उघडणे आणि पहारा उठवणे हे एकच नव्हे. दार उघडूनही आत येणाऱ्याला जेरीस कसे आणता येते, हेही तिथेच दिसले : बाहेरच्या स्टोअरचा मार्ग पत्करणाऱ्या निर्मात्याने वर्षाला दहा लाखांपुढच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे अर्धा युरो द्यावा, अशी अट ॲपलने सुरुवातीला घातली. ॲप फुकट वाटणाऱ्याने एवढा पैसा कुठून आणावा? नुसते ‘परवानगी द्या’ म्हणणारा कायदा पुरत नाही, तो असा. जपाननेही जून २०२४ मध्ये याच दिशेचा कायदा संमत केला आणि १८ डिसेंबर २०२५ ही त्याच्या पूर्ण अंमलाची तारीख ठरली.

भारतातील कहाणी अर्ध्यावर थांबलेली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. प्ले स्टोअरमधून इतर ॲप स्टोअर मिळू द्यावीत आणि बाहेरून ॲप बसवण्यात अडथळे आणू नयेत, असे निर्देशही त्यात होते. २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण चार निर्देश रद्द केले, आणि हे दोन्ही त्या चारांत होते. मार्च २०२४ मध्ये केंद्राने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यानंतरही आपल्याकडे बाहेरच्या स्टोअरचा प्रश्न कंपनीच्या मर्जीवरच राहिला आहे.

या मर्जीचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर सुरू केले, ज्यात मराठीसह बारा भारतीय भाषांत ॲप शोधता येतात. ज्या फोनमध्ये ते आधीपासून नाही, तिथे ते घ्यायचे तर त्यांच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवावी लागते, आणि मग फोन तेच इशारे दाखवतो जे भामट्याच्या ‘पीएम किसान’ फाइलला दाखवतो. नाव-पत्ता असलेले, कायद्याला उत्तर देणारे दुकान आणि रात्रीतून तयार झालेली चोरटी फाइल यांत फोन भेद करत नाही. ज्या माणसाला चांगल्या कामासाठीच हे इशारे ओलांडायची सवय लागली, तो वाईट फाइलपाशी थांबेल अशी अपेक्षा कशी करावी? नोंदणीकृत स्टोअरला सरळ वाट मिळाली तर आडवाटेवरची वर्दळच कमी होईल आणि तिथला इशारा लोक खरोखर वाचू लागतील. आपण मांडलेल्या चिंतेचा विचार करूनच मी सक्तीच्या बाजूने आहे, तो मुख्यतः या कारणासाठी.

एकच दार ठेवले की माल चोख असतो, हेही पूर्ण खरे नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गुगलने प्ले स्टोअरवरून कर्ज देणारी २,२०० हून अधिक ॲप काढून टाकली. ती काढली हे चांगलेच झाले, पण तोवर ती त्याच विश्वासाच्या दारात बसलेली होती. उलट, १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादावरून विवाह जुळवणाऱ्या आणि नोकरी शोधून देणाऱ्या नामांकित भारतीय ॲपना त्याच स्टोअरमधून काढले गेले आणि केंद्रीय मंत्र्यांनी हस्तक्षेप केल्यावर काही दिवसांत ती परत आली. त्यांच्यासाठी मंत्री धावले. घाटंजीच्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचे ॲप काढले गेले तर कोण धावणार?

आपल्या भागातील जुन्या वाचकांना कापूस एकाधिकार खरेदी आठवत असेल. १९७१ च्या कायद्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकण्याचे बंधन आले. भावाची हमी होती, हे नाकारता येत नाही. पण चुकारे रखडले तरी दुसरे गिऱ्हाईक शोधण्याची सोय नव्हती, आणि राज्याच्या सीमेपलीकडे भाव चढला की कापसाच्या बंड्या (बैलगाड्या) रात्रीच्या चोरवाटेने निघत. २००२ च्या सुमारास खासगी खरेदी मोकळी झाली, तसे खेडा खरेदीत (दारात येऊन होणाऱ्या खरेदीत) काटा मारणारेही गावात आले. त्यावर काटे तपासणे आणि व्यापाऱ्याकडे परवाना मागणे हाच मार्ग होता. ॲपच्या बाबतीतही मला तेच अपेक्षित आहे.

म्हणून कायद्याने सक्ती करावी ती अशी. ज्या स्टोअरची भारतात नोंदणी आहे, ज्याचा तक्रार अधिकारी नेमलेला आहे आणि वाईट ॲप ठेवल्यास ज्याला दंड होऊ शकतो, ते स्टोअर नेहमीच्या वाटेने, भीती न घालता फोनमध्ये बसू द्यावे. कंपनीने तपासणी जरूर करावी, पण स्वतःच्या आणि परक्या ॲपला एकच कसोटी लावून आणि त्यासाठी वेगळे शुल्क न घेता. व्हॉट्सॲपवरून आलेल्या सुट्या फाइलीला मात्र एसएमएस आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी सहजासहजी मिळूच नये. गुगलने फेब्रुवारी २०२४ मध्ये सिंगापूरमध्ये अशी अडवणूक प्रायोगिकरीत्या सुरू केली आणि पुढे भारतातही आणली. स्टोअरवर बंदी न घालता हे जमते, हे त्यातून दिसते. घरातल्या वृद्ध माणसाच्या फोनमध्ये प्ले स्टोअरखेरीज काहीच बसू नये असे मुलाला वाटले, तर तसे कुलूप लावण्याची सोयही असावी, फक्त ते लावणारा फोनचा मालक असावा.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही नोंदवतो. प्ले स्टोअरपेक्षा इंटरनेटवरून थेट उतरवलेल्या ॲपमध्ये घातक ॲपचे प्रमाण पन्नास पटींहून अधिक आढळते, असे गुगल सांगते. आकडा कंपनीचाच आहे. तरी आपल्या केंद्रात येणाऱ्या तक्रारी पाहता दिशा खरी असावी. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने असेही जाहीर केले की बाहेरून बसणाऱ्या ॲपच्या निर्मात्यालाही आपली ओळख त्यांच्याकडे पटवावी लागेल. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड येथे, आणि इतर देशांत २०२७ पासून. निनावी भामट्याला याने चाप बसेल. पण ओळख तपासणारा तोच आणि बाजारातला सर्वांत मोठा दुकानदारही तोच, ही रचना मला खटकते. हे काम तटस्थ यंत्रणेकडे असावे.

आपल्याकडे येणाऱ्यांना आज सांगण्यासारखे एवढेच : पैसे गेल्याचे कळताच तासाभराच्या आत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करावी आणि फोनचे इंटरनेट ताबडतोब बंद करावे.

प्रश्न : समुद्रपूर तालुक्यातील (जि. वर्धा) आमच्या बचत गटांच्या प्रभागसंघाला वायगावची हळद, जवसाची चटणी आणि तूरडाळ विकण्यासाठी ॲप करायचे आहे. प्ले स्टोअर तीस टक्के कापून घेते असे कळले. मग बाहेरच्या स्टोअरवरच ठेवावे का?

उत्तर : ताई, हळद आणि डाळ यांवर प्ले स्टोअर काहीच कापत नाही. कमिशन लागते ते फोनमध्येच वापरायच्या वस्तूंवर, म्हणजे खेळातली नाणी, वर्गणी, ॲपमध्ये दाखवायचे सशुल्क व्हिडिओ यांवर, आणि तेथेही वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या उत्पन्नावर २०२१ पासून दर पंधरा टक्के झाला. आपले गिऱ्हाईक यूपीआयने पैसे देईल आणि ते सरळ संघाच्या खात्यात येतील. उद्या चटणी करण्याचे सशुल्क वर्ग ॲपमध्ये सुरू केलेत, तर मात्र हा हिशेब बदलेल.

तेव्हा कमिशनच्या भीतीने प्ले स्टोअर सोडू नये. तिथे नोंदणीचे २५ डॉलर एकदाच लागतात. दुसऱ्या स्टोअरवरही ॲप ठेवण्यास हरकत नाही, पण गटांतल्या बायांना एपीके फाइल व्हॉट्सॲपवर पाठवू नये. संघाच्या नावाने नकली फाइल फिरवणे मग सोपे जाते. स्टोअरची लिंक किंवा क्यूआर कोड पाठवावा. आणि निर्मात्याचे खाते ॲप करून देणाऱ्या मुलाच्या नावाने न काढता संघाच्या नावाने काढावे, कारण व्यक्तिगत नवे खाते असेल तर ॲप खुले करण्याआधी किमान बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागते, आणि तो मुलगा उद्या पुण्याला नोकरीला गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो.