बायपोलरवाले पेशंट काढू नकोस

अगं, तुझा मेसेज वाचला. डिप्रेशनच्या पेशंटमध्ये बीडीएनएफ, म्हणजे मेंदूच्या पेशींना पोसणारं आणि रक्तात मोजता येणारं प्रथिन, हेल्दी कंट्रोलपेक्षा, म्हणजे तुलनेला घेतलेल्या निरोगी माणसांपेक्षा, कमी आलं, पी व्हॅल्यू मस्त, पण बायपोलरचा (कधी उदासी, कधी मेनिया म्हणजे अतिउत्साह) ग्रुप टाकला की सगळं विस्कटतं, म्हणून तो ग्रुप काढून पेपर पाठवू का विचारतेस. नको काढूस. विस्कटतंय तिथेच खरं काम आहे.

मला एवढंच सांग, तुलना कोणाशी? समोरचा माणूस खचलाय हे त्याच्या आईलाही दिसतं, त्याला रक्ततपासणी कशाला. डॉक्टर अडतो तो पुढे, हे नुसतं डिप्रेशन की बायपोलरमधलं, कारण एकटं अँटीडिप्रेसंट दिलं आणि बायपोलर निघालं तर काही जण थेट मेनियात जातात, आणि लिथियम, म्हणजे बायपोलरवरचं नेहमीचं औषध, सुरू व्हायला वर्षं निघून जातात गं. सिरम बीडीएनएफ मेनियातही कमी, बायपोलर डिप्रेशनमध्येही कमी, स्किझोफ्रेनियातही कमी. मग त्या आकड्यावरून डॉक्टरने ठरवायचं काय?

डिप्रेशन ओळखायची डेक्सामेथासोन टेस्ट आठव. रात्री 1 मिलीग्रॅम गोळी, दुसऱ्या दिवशी रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, दबलं नाही तर टेस्ट पॉझिटिव्ह. 1981 ला कॅरॉलच्या टीमने मेलँकोलियासाठी, म्हणजे एका गंभीर प्रकारच्या डिप्रेशनसाठी, 67% सेन्सिटिव्हिटी (आजार असलेल्यांतले किती पकडले) आणि 96% स्पेसिफिसिटी (तो आजार नसलेल्यांतले किती निगेटिव्ह आले) दाखवली, केवढी आशा होती! मग दारू सुटतानाचे पेशंट, डिमेन्शियावाले, खाणं तुटून वजन उतरलेले, यांच्यातही पॉझिटिव्ह यायला लागली. पुन्हा तेच, तुलना कोणाशी.

मी हेच धरून बसलो. हट्टी म्हणाले, ग्रँट गेली, बरोबरीचे पुढे निघून गेले, त्याची खंत आहे, खोटं कशाला बोलू. पण बायपोलरचे पेशंट मी कधी वगळले नाहीत, आजही वगळणार नाही. 'आधी सोपं दाखवू, अवघड नंतर' हे ऐकलं की अजून डोकं फिरतं माझं, कारण ते नंतर कधी येतच नाही.

2013 ची इन्फ्लिक्सिमॅबची, म्हणजे शरीरातला दाह कमी करणाऱ्या औषधाची, ट्रायल वाच. औषधांना दाद न देणारं डिप्रेशन, 60 पेशंट, एकूणात प्लासिबोपेक्षा सरस नाही, पण सीआरपी, म्हणजे रक्तातली दाहाची खूण, 5 च्या वर असलेल्यांमध्ये फायद्याची चिन्हं दिसली. छोटी ट्रायल आहे, पण तुलना पेशंटची पेशंटशी, असं विचारायचं असतं!

आता कामाला लाग. सिरममधलं बीडीएनएफ बहुतेक प्लेटलेटमधून येतं, तेव्हा रक्त गोठायला किती वेळ ठेवलं ते आधी तपास. सिगरेट, वजन, चालू औषधं, सगळं शीटमध्ये भर. बायपोलरमधले सध्या उदास असलेले वेगळे कर, मेनियातले वेगळे. मग हेल्दी कंट्रोल बाजूला ठेवून ग्राफ काढ आणि मला पाठव, गाईड चिडले तर मी बोलतो त्यांच्याशी.