भीतीचे चित्र आणि टपरीवरची सुटी सिगारेट

प्रश्न: मी कोथरूडच्या एका महाविद्यालयात शिकवते. ३१ मेच्या जागतिक तंबाखूविरोधी दिनासाठी राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी जे फलक केले आहेत, त्यांतील बहुतेकांवर कवट्या आणि काळी पडलेली फुप्फुसे आहेत. सिगारेट ओढणारी मुले ते पाहून हसतात आणि पुढे जातात. मग नेमका कोणता संदेश पटतो?
एक प्राध्यापिका, पुणे

उत्तर: मुलांच्या हसण्याला आपण बेफिकिरी समजू नये. अंगावर आलेली भीती झटकून टाकण्याची ती पुष्कळदा एक रीत असते. किम विट या संशोधिकेने १९९२ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, धोका मोठा आहे हे पटले, पण तो टाळणे आपल्या हातात आहे असे वाटले नाही, तर माणूस धोक्याचा बंदोबस्त करण्याऐवजी भीतीचाच बंदोबस्त करतो. तो नजर वळवतो, किंवा ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विड्या ओढत होते’ असे सांगून मोकळा होतो. म्हणून फुप्फुसाचे चित्र राहू द्यावे, पण त्याच्याखाली सुटकेचा मार्ग तितक्याच ठळक अक्षरांत असावा. कवटी मात्र मी काढून टाकेन, कारण ती कोणाचीच नसते. ज्याने सिगारेट सोडली आहे अशा एखाद्या ओळखीच्या माणसाचा चेहरा, त्याच्या संमतीने आणि त्याच्याच शब्दांसह लावला, तर तो कितीतरी जवळचा वाटतो.

आपल्याकडे पाकिटाच्या दर्शनी भागांपैकी ८५ टक्के जागा १ एप्रिल २०१६ पासून इशाऱ्याने व्यापलेली आहे, आणि २०१८ पासून त्यावर १८००-११-२३५६ हा मदतीचा निःशुल्क क्रमांकही असतो. पण महाविद्यालयाबाहेरच्या टपरीवर काय घडते ते पाहा: चहाचा ग्लास, दोरीला बांधलेला लायटर आणि टपरीवाल्याने पाकिटातून काढून दिलेली एकच सिगारेट. पाकीट मुलाच्या हाती येतच नाही. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली, तरी ही सवय गेलेली नाही. तेव्हा तो क्रमांक तुमच्या फलकावर असलाच पाहिजे.

एकोणीस वर्षांच्या मुलाला पन्नाशीतला कर्करोग दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो. सिंहगड चढताना मित्रांच्या मागे राहून लागलेली धाप मात्र त्याची स्वतःची असते. फसवले जाण्याची चीडही या वयात फार मोलाची. फ्लोरिडात १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रुथ’ मोहिमेने आजारांची यादी वाचून दाखवण्यापेक्षा तंबाखू कंपन्या तरुणांना कशा गळाला लावतात हे उघड करण्यावर भर दिला, आणि त्या राज्यातील शाळकरी मुलांमधले धूम्रपान खरोखर कमी झाले.

जो सोडू पाहतो त्याला हेही सांगा की शेवटच्या सिगारेटनंतर वीस मिनिटांतच हृदयाचे ठोके उतरू लागतात, आणि तलफ कितीही तीव्र असली तरी ती बहुधा काही मिनिटांत ओसरते.

फलक छापण्यापूर्वी सिगारेट ओढणाऱ्या दोन-तीन विद्यार्थ्यांना तो दाखवा आणि ‘हे वाचून उद्या सकाळी तू काय करशील?’ एवढेच विचारा. त्यांना उत्तर देता आले नाही, तर चित्र बदलू नका, त्याखालची ओळ पुन्हा लिहा.