'तू ते डॉक्टरसारखी बोलस'

मावशी, मी अमळनेरची, सहा वर्षं जर्मनीत दुभाषी आहे. दवाखान्यांत, कधी कोर्टात. मार्चमध्ये बाबांची बायपास झाली. जळगावच्या डॉक्टरांचं निम्मं इंग्रजी मी व्हिडिओ कॉलवर आईला शुद्ध मराठीत सांगितलं, कामाच्या सवयीनं: 'मी उद्या ऑपरेशन करणार आहे, जोखीम आहे, सही लागेल.' आवाज जराही हलला नाही. आई एवढंच म्हणाली, 'तू ते डॉक्टरसारखी बोलस.' तेव्हापासून दोन वाक्यांत फोन ठेवते. नवऱ्यानं केटी कितामुराची 'इंटिमसीज' ही कादंबरी आणून दिली, म्हणे यातली दुभाषी नायिका म्हणजे तूच. मी खरंच कोरडी आहे का?

पोरी, कोरडी कसली! कोरड्या माणसाला आईचं एक वाक्य इतके महिने टोचत नाही.

तुझ्या धंद्याचा नियमच तो. समोरचा 'मी' म्हणाला की दुभाष्यानंही 'मी' म्हणायचं, 'ते म्हणतात' नाही. कोर्टात ठीक. पण त्या माउलीनं ऐकलं काय? आपली लेक म्हणते, मी तुझ्या नवऱ्याची छाती उघडणार. तेही घरची अहिराणी बोली सोडून पुस्तकी मराठीत! तू तिथे होतीस, पण लेक म्हणून कोणी नव्हतंच.

ती कादंबरी (2021 ची) मीही वाचली. मधेच नायिकेला दोन धपाटे घालावेसे वाटले, ते सोड. हेगच्या कोर्टात ती एका माजी राष्ट्राध्यक्षाचे शब्द स्वतःच्या तोंडून बोलते. तिला अख्ख्या पुस्तकात नाव नाही. वडील गेलेले, आई सिंगापूरला. घरचं असं उरलं कोण? तुझ्या नवऱ्याला एवढं दिसलं नाही. तुझी आई अजून फोन उचलते आहे, दोन वाक्यांपुरता का होईना.

यापुढे डॉक्टरांशी भावाला बोलू दे. भाऊ नसेल तर चुलतभाऊ, शेजारचा मास्तर, कोणीही. तू आईच्या बाजूला बस. तिला कळलं नाही तर तुलाही नाही कळलं, चालेल.

आणि माफीबिफी मागू नकोस, ती बिचकेल. रविवारी सकाळी फोन लाव नि अहिराणीतच सांग, 'माय, त्या दिवशी माले भ्याव वाटे.' मग गप्प राहा. ती काही बोलली नाही तर भरताची वांगी आली का विचार. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजतेस की गॅसवर, यावरून ती तुझ्याशी भांडेल. भांडू दे.

— मावशी