कन्फ्युशियसची शिकवण म्हणजे फक्त ‘मोठ्यांचं ऐका’ एवढंच का?

तुम्ही विचारलंय की कन्फ्युशियसवाद हा धर्म आहे का, आणि ‘आईवडिलांचं ऐका, राजाचं ऐका’ यापलीकडे त्यात काही आहे का. बरीच वर्षं मीही तेवढंच समजत होतो. मग ‘लुन्यू’ हे कन्फ्युशियसच्या संवादांचं पुस्तक हाती आलं आणि दुसऱ्याच प्रकरणात अडखळलो. एका शिष्याने विचारलं, आईवडिलांची सेवा म्हणजे काय? उत्तर असं: आजकाल त्यांना खाऊपिऊ घातलं की झालं असं लोक धरून चालतात. पण खायला तर आपण कुत्र्या-घोड्यांनाही घालतो. मनात आदर नसेल तर फरक काय राहिला? त्या दिवसांत माझी आई अंथरुणाला खिळलेली होती. औषधं वेळेवर, जेवण वेळेवर, पण ताट ठेवून मी उभ्या उभ्याच परत फिरायचो. त्या संध्याकाळी माझंही ताट घेऊन तिच्याजवळ जेवायला बसलो.

आता तुमचा पहिला प्रश्न. कन्फ्युशियस, म्हणजे खुंग फूत्झ, इ. स. पू. ५५१ मध्ये लू राज्यात, आजच्या चीनमधल्या शानतुंग प्रांतात जन्मला आणि ४७९ मध्ये गेला. राज्यं एकमेकांशी लढत होती, जुनी घडी विस्कटली होती. एखादा राजा आपलं ऐकेल या आशेने तो शिष्यांना घेऊन अनेक वर्षं राज्याराज्यांतून फिरला. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. तो प्रेषित नव्हता. मृतात्म्यांची सेवा कशी करावी असं विचारल्यावर त्याने म्हटलं, अजून माणसांची सेवा जमत नाही, तर त्यांची कशी जमेल? पूर्वजांचे विधी मात्र तो मनापासून करायचा. म्हणून धर्म की तत्त्वज्ञान या वादात मी फार पडत नाही.

शिकवणीचा गाभा दोन शब्दांत आहे: ‘रेन’ आणि ‘ली’. रेन म्हणजे माणुसकी, दुसऱ्याबद्दलचा आतला जिव्हाळा. ली म्हणजे रीत: विधी, शिष्टाचार, कुणासमोर कसं उभं राहायचं इथपर्यंत सगळं. जिव्हाळा नुसता मनात असून भागत नाही, त्याला वागण्यात आकार लागतो. आणि आत काही नसेल तर रीत पोकळ.

मग जुनी रीत जशीच्या तशी पाळायची का? इथे तो मला फार आवडतो. विधीची टोपी पूर्वी तागाच्या धाग्याची असे, पुढे लोक रेशमी घालू लागले, कारण ती स्वस्तात व्हायची. तो म्हणाला, चालेल, मी लोकांबरोबर. पण राजाला वंदन दालनाच्या पायऱ्यांखालून करायचं सोडून लोक वर चढून करू लागले, तेव्हा म्हणाला, हा उद्दामपणा आहे, सगळे एकीकडे असले तरी मी खालूनच करणार. म्हणजे कापड बदललं तरी चालेल, नम्रता गेलेली चालणार नाही.

झायवो नावाच्या शिष्याने तर थेट वाद घातला: आईवडिलांचं सुतक तीन वर्षं कशाला, एक वर्ष पुरे. गुरूने विचारलं, एवढ्यात चांगलं खाऊन, रेशीम नेसून तुला चैन पडेल? तो म्हणाला, पडेल. ‘मग तसं कर.’ शिष्य गेल्यावर मात्र कळवळून म्हणाला की मूल तीन वर्षं आईबापांच्या कडेवर असतं, यालाही ते प्रेम मिळालंच असेल ना? जबरदस्ती त्याने केली नाही, पण दुःख लपवलंही नाही.

जन्मभर पाळता येईल असा एकच शब्द सांगा, असं दुसऱ्या एका शिष्याने म्हटलं तेव्हा त्याने ‘शू’ सांगितला: जे स्वतःला नको, ते दुसऱ्यावर लादू नकोस.

आज्ञाधारकपणाचं म्हणाल, तर राजाची सेवा कशी करावी यावर त्याचं उत्तर आहे: त्याला फसवू नकोस, पण तोंडावर विरोध कर. आईवडील चुकले तर त्यांनाही हळुवारपणे सांगावं, असं तो म्हणतो. पुढे सम्राटांच्या दरबारात हीच शिकवण सरकारी परीक्षांचा अभ्यासक्रम झाली, ती परीक्षा १९०५ पर्यंत चालली, आणि ‘ऐका’ हा भाग फुगत गेला. सगळा दोष सम्राटांवर ढकलणंही मला पटत नाही. ‘लुन्यू’त एकही स्त्री शिष्य नाही. आणि बापाने मेंढी चोरली तर मुलाने साक्ष द्यावी का, यावर तो म्हणतो की बाप मुलाला पाठीशी घालतो, मुलगा बापाला, सरळपणा त्यातच आहे. ज्याची मेंढी गेली त्याचं काय, हा प्रश्न मला अजून सतावतो.

वाचायला घेणार असाल तर वीस छोटी प्रकरणं आहेत, रोज एखादं पान पुरे. दहावं कंटाळवाणं वाटेल, कारण तो काय खायचा, कसा बसायचा याचीच वर्णनं आहेत. तरी ते गाळू नका. तबेला जळाल्याची नोंद त्यातच आहे: दरबारातून परतल्यावर त्याने विचारलं, कुणा माणसाला इजा झाली का? घोड्यांची चौकशी केली नाही.