तिचं मेलेलं रोप तिला बघू द्या

प्रश्न: माझी दहा वर्षांची मुलगी जंगल तोडून उघड्या पडलेल्या माळावर एक झाड जगवायचं म्हणून वर्षभर पाणी घेऊन जाते. मध्ये दोनदा रोप वाळलं, तेव्हा तिला कळायच्या आत मी तसंच दुसरं आणून लावलं. आता तिसरंही सुकतंय. तिचा हिरमोड न होता हा नाद कसा सोडवू?
– एक आई

ताई, सगळं पत्र तिच्या हिरमोडाबद्दल आहे आणि रोप बदलल्याचं मात्र तुम्ही एका वाक्यात उरकलंत. मी त्याच वाक्याशी थांबले. खरं सांगते, मला तुमचा राग आला.

ती समजते, आपलं झाड वर्षभर जगलंय. प्रत्यक्षात दोन मेली, आणि ती का मेली हे सांगू शकणारी वाळकी रोपं तुम्ही फेकून दिलीत. झाडं गेली की पालापाचोळा पडत नाही, वरची चांगली माती पावसात वाहून जाते, उरते ती टणक, तापणारी जमीन. तिथे अरुंद खड्ड्यात लावलेल्या रोपाची मुळं कडेला अडून आतल्या आतच फिरत राहतात. रोजचं थोडं थोडं पाणी वरचा थर भिजवून उडून जातं, खाली पोचतच नाही. रोप उपटून पाहिलं असतं आणि मुळांचा गोळा पिशवीच्या आकाराचाच निघाला असता, तर तिला दुसरा खड्डा रुंद खणायचं आपोआप सुचलं असतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात टोनी रिनाउडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञांनी लावलेली बहुतेक रोपं मरत होती. १९८३ साली त्यांच्या लक्षात आलं की माळावरची खुरटी झुडपं म्हणजे तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांना फुटलेले धुमारे आहेत. ते राखायला शेतकऱ्यांनी सुरुवात केली आणि पुढे लाखो हेक्टरांवर झाडं परतली. आपली रोपं मरताहेत हे त्यांच्यापासून कुणी लपवून ठेवलं नव्हतं.

नाद सोडवायचा विचार सोडा. आजच तिला सांगा: ‘तुझी दोन रोपं मेली, मी लपवलं, माझं चुकलं.’ ती रडेल, तुमच्याशी बोलणार नाही. चालेल.

मग दोघी माळावर जा. तिसऱ्या रोपाची साल तिला नखाने जराशी खरवडू द्या. आत हिरवं दिसलं तर त्यात जीव आहे. बुंध्याशी पालापाचोळा पसरा आणि पाणी सावकाश, खोल मुरेपर्यंत घाला. कोरडं, तपकिरी निघालं तर मिळून खणा, आणि मुळं आधी तिच्या हातात द्या.